कुंपणापलीकडून आलेली राणी

मार्चच्या तिसऱ्या शनिवारी नोरीन सगडन आली आणि कुणालाही टोमणा न मारता सरळ आपल्या वाफ्यांकडे गेली. तेव्हाच मी ओळखलं, बाईचं काहीतरी बिनसलंय. यॉर्कशरमधल्या आमच्या टेकडीवर पालिकेने भाजीपाल्यासाठी भाड्याने दिलेले जमिनीचे चाळीस तुकडे आहेत. चौदावा माझा, पंधरावा नोरीनचा, सोळावा डेरिक ॲकरॉइडचा. नोरीन बहात्तरची. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तिने पोरांना दटावून कोबी खायला लावला, आणि तो आवाज अजून तसाच खणखणीत आहे.

तिचा सगळा जीव मधमाश्यांच्या एकुलत्या एका पेटीत. पेटी माश्यांनी गच्च भरलेली, पण राणी मेलेली. अंडी घालणारीच नाही म्हटल्यावर मे महिन्यापर्यंत पेटी रिकामी होणार, आणि नवी राणी तयार व्हायला अजून फार थंडी होती. डेरिककडे नेमकं उलटं: राणी धडधाकट, माश्या मूठभर. दोन्ही पेट्या एक केल्या तर सगळ्याच जगणार होत्या. पण तीन वर्षांपूर्वी नोरीनची शेड सहा इंच पुढे आल्याची तक्रार डेरिकने समितीकडे केली होती, आणि तेव्हापासून दोघांत अबोला. शेवटी मी निरोप्या झाले. इकडून तिकडे जाताना माझे बूट चिखलाने इतके जड झाले, की दोघांच्याही नावाने मनातल्या मनात शिव्या घातल्या.

मंगळवारी डेरिक तयार झाला. पेटी एकदम हलवली की चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागीच परत येतात, म्हणून तो आपली पेटी रोज संध्याकाळी तीन फूट नोरीनच्या कुंपणाकडे सरकवायचा. हातातली कामं टाकून सगळे ही मिरवणूक बघायला जमायचे. शुक्रवारी पेटी कुंपणाला येऊन टेकली.

शनिवारी आम्ही घोड्याची लीद पसरली, कांदे लावले, अंड्यांच्या खोक्यात कोंब आलेले बटाटे सरीत ठेवले. कोवळं ऊन होतं, करंट नावाची लाल फुलांची झुडपं नुकती फुलली होती, मला तर उगाच गावंसं वाटत होतं. पाचच्या सुमाराला डेरिक कुंपणापाशी आला.

"नोरीन, तुझी राणी कशाने गेली?"

"हिवाळ्याने. आणखी कशाने?"

"रोगाने गेली असेल तर माझी राणी मी देणार नाही. तेवढी एकच आहे माझ्याकडे."

"रोग? माझ्या पेटीत? तोंड सांभाळून बोल, डेरिक!"

"मग सांग ना."

नोरीनने हातमोजे काढले, परत घातले. कान लाल झाले होते तिचे. मग एकदम म्हणाली, "मी चिरडली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऊन पडलं आणि मला राहवलं नाही. पेटी उघडली. पोळ्याची चौकट परत ठेवताना खाली राणी होती. झालं समाधान?"

दर वर्षी नव्या लोकांना 'करंट फुलल्याशिवाय, म्हणजे थंडी सरल्याशिवाय, पेटीच्या झाकणाला हात लावायचा नाही' असं दरडावून सांगणारी बाई ती! मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

डेरिक म्हणाला, "पाहिलं होतं मी त्या दिवशी. मंगळवारपासून वाट बघतोय, आपण होऊन सांगशील म्हणून."

"मग विचारलंस कशाला, मेल्या?"

"राणी माझी आहे. कुणाच्या घरी देतोय ते कळायला नको?"

मग त्याने वर्तमानपत्र काढलं. नोरीनच्या पेटीवर एक पान अंथरायचं, टाचणीने भोकं पाडायची, वर डेरिकची पेटी ठेवायची. कागद कुरतडेपर्यंत माश्यांना एकमेकींच्या वासाची सवय होते. घाईने एकत्र केल्या तर मारामारी, आणि राणीचा जीव जायचा.

"शब्दकोड्याचं पान नाही मिळायचं," डेरिक म्हणाला.

"निम्मं तर चुकवून ठेवलंयस. आण इकडे!"

त्या रात्री उन्हाळ्याच्या वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे गेली, म्हणजे तासभर झोप कमी, तरी रविवारी नोरीन आमच्या सगळ्यांच्या आधी हजर. मी पोहोचले तेव्हा ती पेटीच्या दाराशी गुडघ्यांवर बसली होती. फळीवर कागदाचा बारीक भुगा सांडला होता आणि एक माशी आणखी एक कपटा ओढत बाहेर आणत होती. मेलेली माशी एकही नव्हती. नोरीनने मला अशी मिठी मारली, की माझा चष्मा मातीत पडला.

अकरा वाजता नव्या लोकांसाठी तिचा मधमाश्या पाळायला शिकवण्याचा वर्ग होता. चार नवे सभासद जाळीच्या टोप्या घालून उभे. एका मुलीने विचारलं, "या पेटीतली आधीची राणी कशी मेली?"

डेरिक कुंपणावरून घाईघाईने म्हणाला, "हिवाळ्यात होतं असं. कुणाचा दोष नसतो त्यात."

नोरीनने त्याच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत इतका मऊ चेहरा मी तिचा पाहिला नव्हता.

"खोटं बोलतोय तो, माझ्यासाठी," ती म्हणाली. "राणी मी मारली. या, जवळ या, कशी मारली ते दाखवते."