केबिनमधला चहा

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवालीने मेथीची जुडी वर घातली तरी मी ती उलटून पाहतो. त्यामुळे नव्वदच्या दशकात सातपूरच्या आमच्या कारखान्यात सगळे युनियनच्या नेत्याला डोक्यावर घेऊन नाचत होते, तेव्हा यात काहीतरी काळंबेरं असणार, असं मला सारखं वाटायचं.

झालं होतं एवढंच. कराराच्या बोलणीत मॅनेजरच्या केबिनमध्ये कपबशीतून चहा आला आणि भाऊंनी (नेत्याला आम्ही भाऊच म्हणायचो) कप बाजूला सरकवला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गेटबाहेरच्या पानटपरीवर पोचली. 'कामगारांना मिळत नाही तो चहा मला नको,' हे भाऊंचं वाक्यही तिथेच तयार झालं असावं. केबिनमध्ये हजर असलेल्या कुणीच ते ऐकलं नव्हतं. मी चौकशी केली होती. पण त्या दिवसापासून केबिनचा चहा आम्हाला वर्ज्य झाला. नव्या माणसाला मशीन दाखवण्याआधी हे सांगितलं जाई.

माझ्या शेजारच्या लेथवर नांदगावकडचा एक जण होता. इतका सरळ, की मला त्याचाही अधूनमधून संशय यायचा. मुलीच्या लग्नासाठी रजा मागायला तो केबिनमध्ये गेला. मॅनेजरने अभिनंदन करून चहा पुढे केला, आणि याने तो पिऊन टाकला. काचेतून कुणीतरी पाहिलं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसेना. "फुटला," एवढाच शब्द फिरला.

आमच्यात कुणाच्याही घरचं लग्न असलं की अख्खं खातं टेंपो करून जायचं. या वेळी टेंपोचं नाव कुणी काढेना.

"भाऊ आले तर समदे येतील," तो मला म्हणाला. "आमच्या कंपनीची माणसं लय येतात, असं व्याह्यांना सांगून बसलोय. तू इचार ना त्यांना."

रविवारी मी भाऊंच्या घरी गेलो. वहिनींनी माझ्यासाठी चहा आणला आणि भाऊंसमोर दुधाचा पेला ठेवला. "यांना चहा चालतच नाही हो," त्या सहज म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हापासून बघतेय, घोटभर घेतला तरी पित्त उठतं."

माझा संशय खरा ठरला होता. खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. मित्राच्या मुलीचं लग्न नंतर आठवलं.

"भाऊ, हे सगळ्यांना सांगून टाका ना. तो बिचारा उगाच वाळीत पडलाय."

"मी तेव्हा काही बोललोच नव्हतो," भाऊ म्हणाले. "कप सरकवला, बाकीचं तुम्हीच बोललात. पण त्या कपापायी माणसं एक राहिली, करार झाला. आता काय सांगू, पित्त होतं म्हणून?"

"निदान लग्नाला तरी या."

"मी गेलो, तर उद्या केबिनबाहेर रांग लागेल."

त्यांच्या आवाजात लाज होती की चलाखी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भाऊ लग्नाला गेले नाहीत, म्हणून कुणीच गेलं नाही. मीही गेलो नाही. एकटा गेलो असतो तर कँटीनमध्ये माझ्याही शेजारी कुणी बसलं नसतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

रजेवरून परतला तेव्हा त्याने बुंदीच्या लाडवांचा डबा आणला. खातंभर फिरून डबा जवळजवळ भरलेलाच परत आला.

"जेवण लय उरलं," तो म्हणाला. "व्याही इचारत होते, कंपनीची माणसं कुठं हायत." मग लेथ पुसता पुसता हळूच म्हणाला, "भाऊंचं काय चुकलं नाय. त्या माणसानं आपल्यासाठी एवढं पाळलं, अन् मी एका कपात घालवलं. चूक माझीच, नाय का?"

वहिनींचं बोलणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पलीकडून चार जण आमच्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणालो. "तुझीच."