आधी पडून दाखवा

“आधी पडून दाखवा,” असं म्हणत काका जमिनीवर पसरलेल्या कडब्याकडे बोट करायचे.

कन्नड रस्त्यावरच्या त्या कृषी पर्यटन केंद्रात तुम्ही गेला असाल, तर टेकाडावर पळवायच्या जाड टायरच्या चारचाकी बाइक पाहिल्या असतील. रविवारी मी तिथे तिकिटं द्यायचो, मधल्या वेळात वाचायचो. गाड्यांवर देखरेख काकांची. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, मूळ पिशोरचे.

एका बँक मॅनेजरांना त्यांनी उभ्या गाडीवरून तीनदा पडायला लावलं.

“हात टेकू नका, साहेब, मनगट जातं. अन् गाडीपासून लांब पडा. ही अंगावर येऊन बसती.”

“अहो, पण मी पडणारच नाही!”

“मंग तर लईच अवघड हाय.”

चौथ्यांदा साहेब इतके छान पडले की लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी चालवायची राहूनच गेली.

मालक वैतागला. “काका, अजून एक गिऱ्हाईक असं गेलं, तर तुम्ही घरीच बसा.”

घरी बसणं काकांना नको होतं. काकू गेल्यापासून तिथे बोलायला कुणी नव्हतं.

मग बजाजनगरचं एक जोडपं लग्नाआधीच्या शूटिंगला आलं. एकाच गाडीवर दोघं, उतारावरून, शालूचा पदर वाऱ्यावर, असं ठरलेलं.

“डबलसीट नाय. मागचा हलला की उलटती. अन् पदर चाकात जाईल.”

मालक डोळे वटारून उभा. काकांनी थोडा विचार केला, गाडी सपाटीवर आणली, इंजिन बंद करून चावी खिशात टाकली. दोघांना बसवलं, पदर खोचायला लावला आणि नवरदेवाच्या सहा मित्रांना ढकलायला सांगितलं. सहाही जणांना हेल्मेट. कॅमेरावाल्यालाही, त्याला काही दिसेना. नवरी हसून बेजार. नवरदेव मात्र चिडून, शूटिंग अर्धं टाकून सगळ्यांना घेऊन निघून गेला.

“काका, पुढच्या रविवारी येऊ नका,” मालक म्हणाला.

“व्हय. पण पोरं आपल्या पायांनी गेली नव्हं?” म्हणत त्यांनी चावी माझ्या टेबलावर ठेवली.

या उन्हाळ्यात ते गेले. माझ्याकडे त्यांचा एकही फोटो नव्हता, म्हणून बुकिंगच्या वहीतून नंबर काढून त्या नवरीला फोन केला. तिनं ते अर्धवट शूटिंग पाठवलं. गाडी मुंगीच्या वेगानं सरकतेय आणि तिच्या बाजूनं काका वाकून, दोन्ही हात पसरून, चपला फटफटवत पळताहेत. नजर मागच्या चाकावर.

तिसऱ्या सेकंदाला ते चित्राबाहेर जातात.