न झालेली खेप

आधीच सांगते, या ग्रुपवरचे अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचते. चकवा, सावल्या, कुणाची तरी हाक... एकावरही कधी विश्वास बसला नाही. मी सांगलीत अकाउंटिंगची सॉफ्टवेअर्स बनवते. माझ्या कामात दोन्ही बाजू जुळतात, नाहीतर चूक सापडते. तिसरं काही नसतं.

गेल्या उन्हाळ्यात जतजवळच्या एका टँकरमालकाचं काम घेतलं. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांच्याकडे प्रत्येक खेपेच्या दोन नोंदी असतात – टँकरच्या खात्यातून पाणी वजा, वस्तीच्या खात्यात तेवढंच जमा. मध्येच लाईट गेली की पहिली नोंद व्हायची, दुसरी राहून जायची. मग बसा हिशोब जुळवत! मी दोन्ही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधल्या. झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. अर्धवट काही उरायलाच नको.

दुपारी आप्पांच्या ऑफिसात हे दाखवायला बसले होते. बाहेर आवारात मल्लाप्पा ड्रायव्हरचा टँकर जॅकवर उभा होता. पाणी भरून येतानाच त्याच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. बाकीचे टँकर लांबच्या गावांना गेलेले.

तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. माळावरच्या धनगरवस्तीतली यल्लव्वा होती.

"आवं आप्पा, टाकी कालपास्नं कोरडी हाय."

"आक्का, गाडी मोडलीया. उद्या पयली खेप तुजीच."

"मेंढरं उद्यापत्तोर थांबत्यात व्हय?"

आप्पा फोन ठेवून जरा वैतागूनच म्हणाले, "दावा तुमचं, मॅडम. हिचीच खेप घाला."

मी घातली. मल्लाप्पाचा टँकर – वजा. यल्लव्वाची वस्ती – जमा. नोंद पक्की करणारं शेवटचं कमिट तेवढं मुद्दाम थांबवलं. "आता कॉम्प्युटरची वायर उपटा," म्हटलं. आप्पांनी खसकन ओढली. कॉम्प्युटर परत चालू केला तर दोन्ही नोंदी गायब, अगदी व्हायला हवं तसंच.

"बघा आप्पा! ही खेप झालीच नाही."

चहा येईतोवर पुन्हा यल्लव्वाचा फोन.

"लय बरं केलंसा आप्पा. टाकी गच्च भरली बगा."

आप्पा माझ्याकडे बघायला लागले, मग फोनवर तिला म्हणाले, "कुणी आणलं गं पाणी?"

"मी मेंढरांकडं हुते. येऊन बगते तर टाकी वाहतीया. मल्लाप्पाच ओतून गेला न्हवं?"

मल्लाप्पा आमच्यासमोर दारात उभा होता! तो पळत टँकरवर चढला, झाकण उघडलं आणि तसाच वाकून राहिला.

"यप्पा... काठोकाठ हाय, मॅडम. थेंब कमी न्हाई."

आप्पांच्या जीपमधून तिघंही वस्तीवर गेलो. वाटेवरच्या फुफाट्यात मेंढरांचे खूर होते, चाकाची खूण कुठेच नाही. टाकी खरोखर भरून वाहत होती. मेंढरं एकमेकांना ढकलत पाण्याला लागली होती.

दुसऱ्या कुणाचा टँकर? आप्पांनी आजूबाजूच्या सगळ्या मालकांना फोन केले. कुणीच आलं नव्हतं. पाइपलाइन त्या माळावर नाहीच. मी नंतर लॉग ओळ न् ओळ वाचला – ट्रान्झॅक्शन स्वच्छ रोलबॅक झालेलं, दोन्ही नोंदी पुसलेल्या. माझ्या कोडवर आजही पैज लावेन. ते सॉफ्टवेअर अजून चालतंय, एकदाही हिशोब चुकलेला नाही.

टाकीपाशी आप्पांनी हळूच विचारलं, "मॅडम, ह्याची नोंद कशी घालायची?"

"नाही घालता येणार. नुसतीच जमा आहे, वजा कुठेच नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. बिल बी न्हाई."

उन्हानं माझा घसा सुकला होता. यल्लव्वानं त्याच टाकीतलं पाणी तांब्यात भरून पुढं केलं. हात क्षणभर थबकला... मग घटाघटा प्यायले. गार होतं, गोड होतं. कुठून आलं, ते मला आजही सांगता येत नाही.