बोल्टखालचा रंग

पॉलिश पेपरने गाडीचा रंग घासला की पत्र्याचा एक थंडगार वास येतो, आणि तो आला की मला जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमधला एक शनिवार आठवतो. शेजारच्या निवृत्त गृहस्थांना त्यांच्या जुन्या पिकअपमध्ये रेडिओ स्कॅनर बसवून हवा होता, हौशी रेडिओवाल्यांच्या गप्पा ऐकायला. मी इंजिनियर, म्हणून मला बोलावलं. पप्पा तेव्हा भारतातून महिनाभरासाठी माझ्याकडे आले होते. सगळी नोकरी पोलीस वायरलेसमध्ये काढलेला माणूस कानटोपी घालून गॅरेजच्या दारात उभा होता. "पप्पा, थंडी आहे, तुम्ही आत बसा," मी दोनदा म्हटलं. स्कॅनर लागला, पण इंजिन चालू केलं की बोलण्यावर एक बारीक शिट्टी चढायची. तासभर मी वायरी बदलत राहिलो. शेजारी कॉफी आणायला आत गेले तेव्हा पप्पा जवळ आले. "अर्थिंग रंगावर दिलंयस, पत्र्याला टेकतच नाही," एवढंच म्हणून त्यांनी त्या वायरीचा बोल्ट काढला, खालचा पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासला आणि बोल्ट परत आवळला. शिट्टी गेली. शेजारी परतले, कान देऊन ऐकलं आणि माझाच हात हातात घेऊन जर्मनमध्ये म्हणाले, "चला, इंजिनियर तो इंजिनियरच!" "काय म्हणतायत?" पप्पांनी विचारलं. "मस्त झालं म्हणतायत," मी म्हटलं. पप्पांनी समाधानाने मान डोलावली. अजूनही गल्लीत कुणाच्या गाडीत काही बसवायचं असलं की शेजारी माझंच नाव सांगतात. मी जातो, आणि आधी बोल्टखालचा रंग घासतो.