सदुसष्टची गाडी, एकोणसत्तरचं स्टिअरिंग

कोरोनाचा विषय निघाला की लोक चेहरा पाडतात, आणि पाडायलाच हवा. मला मात्र त्या दिवसांची ओढ वाटते, आणि ओढ वाटते याची थोडी लाजही वाटते. आई तेव्हा माझ्याजवळ होती. ती आता नाही. फेब्रुवारीत कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी म्हणून आली, विमानं बंद झाली आणि आर्नहेमजवळच्या माझ्या घरात अडकली. कॉलेजसाठी घर सोडल्यापासून मी तिच्यासोबत इतकी सलग कधी राहिलेच नव्हते. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून वीज कंपनीच्या मीटिंगा करायचे आणि ती माझ्या पाठीमागे कुकर लावायची. शिट्टी झाली की आमचे साहेब बोलायचं थांबायचे. आम्ही दोघी दिवसातून निदान एकदा तरी भांडायचो, बहुतेक वेळा मिठावरून.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक डच गृहस्थ राहायचे. सत्तरी उलटलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, बोलणं मोजकं. त्यांच्या गॅरेजात एक जुनी अमेरिकन गाडी होती. सदुसष्ट सालची, गडद हिरवी, लांबलचक, आठ सिलिंडरची. तिकडे अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. आई तिला सरळ पैलवान म्हणायची. ती सुरू झाली की आमच्या फडताळातल्या वाट्या वाजायच्या. ज्या देशात लोक सायकलवरून कपाटं वाहून नेतात, तिथे हा पैलवान कशाला पोसलाय, असं मला फार वर्षं वाटत आलं होतं.

गाडी मुळात त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ तरुणपणी मिशिगनला गेला आणि तिकडचाच झाला. तिथे त्याने ही गाडी कुणाकडून तरी जुनी विकत घेतली, जन्मभर चालवली, आणि म्हातारपणी नजर अधू झाली तेव्हा जहाजात घालून धाकट्याला पाठवून दिली. त्या एप्रिलमध्ये भाऊ कोरोनाने गेला. मिशिगनला जाण्याचा प्रश्नच नव्हता. अंत्यविधी लॅपटॉपवर दिसणार होता आणि शेजाऱ्यांना तो काही केल्या उघडता येईना, म्हणून त्यांनी कुंपणावरून मला हाक मारली. मी त्यांच्या बागेतल्या टेबलावर सगळं जोडून दिलं आणि दीड मीटर मागे सरकून उभी राहिले. तेव्हा कुणाच्याही जवळ यापेक्षा जास्त जायचं नाही असा नियम होता. चित्र दोनदा अडकलं. संपल्यावर त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला, "आभारी आहे, शेजारीणबाई," म्हणाले आणि गॅरेजात गेले.

आई खिडकीतून बघत होती. "रडले का गं?" तिने विचारलं.

"नाही."

"मग अवघड आहे," ती म्हणाली आणि पिठलं-भात करायला घेतला. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भात पाठवायचा असतो, मग ते घर कोल्हापुरात असो की इथे. त्यांनी पिठलं पावाला लावून खाल्लं आणि भांडं धुऊन कुंपणावर ठेवलं.

त्यानंतर ते रोज त्या गाडीत जाऊन बसायला लागले. चालवायचे नाहीत, नुसते बसायचे. मे महिन्यात त्यांनी ठरवलं की गाडी भावाच्या हातात होती अगदी तशी करायची. गाडी आली त्याच आठवड्यात त्यांनी स्टिअरिंगला चामड्याचं कव्हर शिवून घातलं होतं, थंडीत हात गारठतात म्हणून. ते त्यांनी टाके कापून काढलं, आत काय आहे याचे फोटो काढले आणि जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या क्लबमधल्या एका जाणत्याला पाठवले. त्याचं उत्तर आलं, ते त्यांनी मला दीड मीटरवरून वाचून दाखवलं. स्टिअरिंग या गाडीचं नाही. बंदरावर नाहीतर जहाज कंपनीच्या गोदामात कुणीतरी चांगलं काढून घेऊन हे टाकाऊ बसवलं असणार, असं सर्रास होतं. फेकून दे.

"तुम्ही इंजिनियर आहात," ते मला म्हणाले. "मला एवढंच शोधून द्या. याला माझ्या भावाचा हात लागलाय की नाही?"

मी म्हटलं, अख्खी गाडीच त्याची आहे की. त्यावर त्यांनी मान हलवली. सीट त्यांनी नवीन करून घेतल्या होत्या, दरवाज्यांच्या मुठी बदलल्या होत्या, पेडलचं रबरसुद्धा नवं होतं. भावाने रोज हातात धरलेलं असं एकच काही राहिलं होतं, आणि तेही आता परक्याचं निघत होतं.

मला गाडीतलं शून्य कळत होतं. पण मीटिंगांना आणि मिठाला मी कंटाळले होते, आणि एखादी गोष्ट नक्की काय आहे हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही, हा माझा स्वभाव. तो उन्हाळा मी स्टिअरिंगांवर घालवला. गॅरेजचं दार उघडं, ते आत स्टुलावर, मी बाहेर बागेच्या खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप. एकाच गाडीला एकाच वर्षी कितीतरी प्रकारची स्टिअरिंगं मिळायची हे मला तेव्हा कळलं. साधं दोन आऱ्यांचं, जास्तीचे पैसे भरले तर तीन आऱ्यांचं, आणखी भरले तर लाकडासारखं दिसणारं. खरं लाकूड नव्हेच, प्लॅस्टिकवर रेघा. सदुसष्टच्या आऱ्यांना गोल भोकं, पुढच्या वर्षांत त्यांच्या लांबट चिरा झाल्या. हॉर्नचं बटण आधी खोल बसायचं, मग उथळ झालं. हल्ली बनवलेली नक्कल ओळखायची असेल तर लाकडाच्या रेघा बघायच्या. नकलेत तीच गाठ चार बोटांवर पुन्हा येते. आणि सगळ्यात खात्रीची खूण मागच्या बाजूला, आऱ्याच्या मुळाशी, साच्यातच उमटलेला नंबर आणि वर्ष.

या माहितीचा मला भलताच कैफ चढला. जेवताना मी आईला आरे समजावून सांगायचे. "रथाला असतात तसे," ती म्हणायची आणि माझ्या पानात भाजी वाढायची.

ऑगस्टमध्ये त्यांनी स्टिअरिंग उतरवलं, जुनं ग्रीस खरवडलं आणि टॉर्च धरला. मी मास्क लावून जवळ गेले आणि वाचलं. एकोणसत्तर. क्लबवाल्याचं खरं होतं. गाडीपेक्षा स्टिअरिंग दोन वर्षांनी धाकटं.

मी खूप समजावलं. यावरून ते बंदरावरच बदललं असं सिद्ध होत नाही. तुमच्या भावाने स्वतः बदललं असेल, त्याच्या आधीच्या मालकाने बदललं असेल. "त्याने सांगितलं असतं," ते म्हणाले. मिशिगनला फोन लावून त्यांनी वहिनीला विचारलं. तिला गाडीचा रंग तेवढा आठवत होता. मग त्यांनी विषयच संपवला. म्हणाले, आता निदान सदुसष्टचं खरं स्टिअरिंग शोधू, म्हणजे परक्याचं तरी धरायला नको. आम्ही शोधलं. दोन नकला मी फोटोवरूनच उडवल्या, आणि तिसरं एनस्खेडेच्या एका माणसाकडे अगदी बिनचूक सापडलं. आपल्या छोट्या गाडीने जाऊन ते घेऊन आले. मला कोण आनंद झाला होता. त्यांनी ते खाकी कागदातून बाहेरसुद्धा काढलं नाही. जुनंच परत तात्पुरतं बसवून ठेवलं आणि आज बदलतो, उद्या बदलतो करत ऑक्टोबर उजाडला.

दसऱ्याला आईने आमच्या दोन्ही सायकली धुतल्या, हँडलला हळद-कुंकू लावलं आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि पैलवानाचं काय?"

"आई, ती आपली गाडी नाहीये."

"दारात वाहन उभं आहे आणि दसऱ्याला कोरडं ठेवायचं? विचार की त्यांना."

मी विचारलं. ते पक्के प्रोटेस्टंट, आयुष्यभर चर्चला गेलेले. बराच विचार करून त्यांनी मला विचारलं की ही गाडीची प्रार्थना आहे का. मी आईला विचारलं. "प्रार्थना कसली," आई म्हणाली. "वर्षभर ज्याच्या जिवावर आपण धडपणे घरी येतो, त्याला एक दिवस बरं म्हणायचं." हे ऐकून ते दारातून बाजूला झाले आणि त्यांनी स्वतः टोमॅटोच्या वाफ्याकडेचे झेंडू तोडून आणून दिले.

आईने हळद सढळ हाताने कालवली होती. बॉनेटवर ओम काढला, आणि आत वाकून स्टिअरिंगवर वरून खालपर्यंत पाचही बोटं ओढली. मी पाठीमागून "अगं, थोडंसं" म्हणेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. घरच्या स्कूटरला जन्मभर असंच केलेलं. पन्नास वर्षं जुनं प्लॅस्टिक हळद कसं पितं हे तिला कुठून ठाऊक असणार? तासाभराने शेजाऱ्यांनी ओल्या फडक्याने पुसलं तेव्हा वरवरचं निघालं, पण उजव्या बाजूला, घड्याळात एक आणि दोनच्या मध्ये, बारीक बारीक पिवळ्या रेघा तशाच राहिल्या. आईचा चेहरा उतरला. ती लिंबू आणायला धावली, लिंबाने घासलं, तरी त्या रेघा हटेनात. "सांग त्यांना, मी भरून देईन," ती मला सारखं म्हणत होती.

मी मात्र त्या रेघांकडे बघत राहिले. त्या चिरा नव्हत्या. चिरा रिंगभर पसरल्या असत्या, आणि डावी बाजू तर स्वच्छ होती. या बारीक खाचा होत्या, शेकडो, एकाच चार बोटांच्या जागेत, सगळ्या एकाच दिशेच्या. काहीतरी कठीण तिथे वर्षानुवर्षं आपटत आलं होतं. उन्हाळाभर आम्ही मागचा नंबर वाचायच्या नादात होतो. पुढून हे कुणाला दिसलंच नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, जरा तिथे हात ठेवून बघा. त्यांनी उजवा हात ठेवला आणि टक असा आवाज आला. त्यांच्या लग्नाची अंगठी.

"या तुमच्याच असतील," मी म्हटलं.

"मी पहिल्या आठवड्यातच कव्हर घातलं होतं."

"मग आधीच्या अमेरिकन मालकाच्या."

"तिकडे अंगठी डाव्या हातात घालतात," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "आमच्या घरात सगळे उजव्या हातात घालतात. प्रोटेस्टंटांची रीत. तो तिकडे जाऊनही उजव्याच हातात घालायचा, लोक हसायचे तरी. आणि चालवायचा एका हाताने, असा, वरून धरून. डावं कोपर कायम खिडकीबाहेर. हिवाळ्यातसुद्धा. आमची आई फोटो बघून त्याला पत्रातून रागवायची."

एवढं एका दमात बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. शंभर टक्के पुरावा म्हणाल तर हा नव्हता. पण ऑफिसात याहून कमी पुराव्यावर मी ट्रान्सफॉर्मर बदलायला लावले आहेत. मी म्हटलं, "हात लागलाय. तुमच्या भावाचाच."

आईला मी मराठीत सगळं सांगितलं. तिने लिंबाची फोड खाली ठेवली.

ते काही वेळ त्याच जागी हात ठेवून बसून राहिले. मग त्यांनी किल्ली फिरवली. एप्रिलपासून पैलवान पहिल्यांदा गरजला आणि झेंडूची माळ बॉनेटवर थरथरायला लागली. त्यांनी पुढचं दार आतून उघडून आईला मानेने खूण केली. मी मागे बसले. तिघांनी मास्क लावलेले, काही बोलायची सोय नाही. गाव मागे पडलं आणि आम्ही ऱ्हाईन नदीच्या बांधावरच्या रस्त्यावर आलो, तेव्हा त्यांनी बाजूची काच पूर्ण खाली केली आणि डावं कोपर बाहेर काढलं.

ऑक्टोबरचा वारा आत शिरला. गार, बोचरा, नदीवरून येणारा. आई पुढच्या सीटवर अंग चोरून बसली होती. आठ महिने इथे राहूनही तिला थंडी मुळीच सोसत नव्हती. मागून मला शेजाऱ्यांचे खांदे दिसत होते, आणि ते हलत होते. त्यांचा मास्क भिजला असावा, कारण त्यांनी तो हनुवटीखाली ओढला. तरी त्यांनी गाडी थांबवली नाही, वेगही कमी केला नाही. मला आईची काळजी वाटायला लागली. मी पुढे वाकले आणि त्यांना काही सांगण्यासाठी तोंड उघडलं.

आईने मागे न बघता हात वर करून मला थांबवलं.

"काच वर करायला सांगू नकोस," ती म्हणाली. "मी पदर घेते डोक्यावरून."