खालच्या आळीची विहीर

परवा रस्त्याच्या कामावर खणलेल्या मुरमाचा वास आला आणि कॉलेजातलं श्रमदान शिबिर आठवलं. एक्क्याण्णव-ब्याण्णव साल असावं. वाईहून आम्ही वीसेक मुलंमुली कराडजवळच्या एका खेड्यात सांडपाण्याचं गटार खणायला गेलो होतो. वरच्या आळीत डबकी साचायची, म्हणून तिथल्याच लोकांना विचारून आम्ही चर आखला. हाताला फोड आले होते आणि त्या फोडांचा मला केवढा अभिमान वाटत होता! तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या बौद्धवस्तीतली एक बाई थेट चरात येऊन उभी राहिली. “पोरी, ह्ये पाणी कुठं जाणार, बघितलंस का?” मी तोऱ्यातच म्हणाले, “मावशी, आम्ही गावासाठीच करतोय ना!” ती चिडली नाही. माझा हात धरून तिने मला उतारावरून खाली नेलं. आमचा चर जिथे संपणार होता, त्याच्या समोरच त्यांची पिण्याच्या पाण्याची विहीर होती. “आमास्नी कुणी इचारलं न्हाई, म्हणून सांगाय आले,” ती म्हणाली आणि पहारीने तिने पडीक रानाकडे नवी रेघ ओढून दिली. मग दोन दिवस मजुरीवर खाडा करून ती आमच्याबरोबर खणत राहिली. आता मी गावोगावच्या पाणीयोजना आखते आणि नकाशा उघडण्याआधी उताराखालच्या घरांत जाऊन बसते. आमची पाठ फिरल्यावर तिला तो चर मुकाट्याने बुजवता आला असता. तिने मला हाताला धरून दाखवलं, आणि त्याबद्दल तिचे आभार मानायचं तेव्हा मला सुचलंसुद्धा नाही.