नव्या कॅमेऱ्याला जे दिसलं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. मामांना तर नाहीच, आणि आता मामाही राहिले नाहीत. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मुरुमचे नाही, तुम्ही सुदामला ओळखत नाही, म्हणून असेल. भित्रा माणूस कबूल करतानाही सोयीची जागा बघतो.

मुरुमच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, साखरपुडा, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, सगळीकडं मीच असतो. हे काम मला माझ्या मामांनी शिकवलं. त्यांच्याकडं एक जुना डिजिटल कॅमेरा होता, त्याच्या काळातला मोठा, नावाजलेला. पकडीचं रबर सुटलेलं, मामांनी ते गमनं चिकटवलेलं. कोपऱ्यांवरचा काळा रंग जाऊन आतला धातू दिसायचा. त्या कॅमेऱ्यानं अर्ध्या तालुक्याची लग्नं टिपलीत. मी त्याच कंपनीचा नवा घेतला, तीन-चार पिढ्यांनंतरचा, तेव्हा मामांना ते लागलं.

"नुस्ता आकडा वाढवत्यात रे कंपन्या," ते म्हणायचे. "फोटो त्योच येतो."

मी म्हणालो, दोन्ही शेजारी ठेवून बघू. त्यांनाही ते पटलं.

गावाबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. खाली पाणी, वर काळा कातळ. संध्याकाळी वर आभाळ उजळ असतं आणि खाली खड्ड्यात अंधार साचतो. उजेड आणि अंधार एकाच फोटोत आले की कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते. कुठला कॅमेरा अंधारातलं सांभाळून ठेवतो आणि कुठला नुसता काळा डाग देतो, ते कळतं. म्हणून मीच ती जागा निवडली. हेही लक्षात ठेवा, जागा माझी होती.

त्या खाणीबद्दल लोक बोलायचे. दिवेलागणीनंतर तिकडं कुणी फिरकत नसे. मी हसायचो. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढलेला पोरगा मी, भूतबीत मानत नव्हतो. जयंतीच्या कार्यक्रमात दरवर्षी अंधश्रद्धेवर भाषण माझंच असायचं. टाळ्याही पडायच्या.

आम्ही गेलो तेव्हा सूर्य टेकला होता. लांबचा लेन्स एकच होता, मामांचा. आधी तो जुन्या कॅमेऱ्याला लावून समोरच्या कड्याखालच्या कोपऱ्याचे फोटो काढले. मामांचे गुडघे दुखायला लागले, म्हणून ते रस्त्यावर गाडीपाशी जाऊन बसले. म्हणाले, "तुझ्या नव्याचे तूच काढ, मला काय दाखवतोस?"

मी एकटा राहिलो. लेन्स नव्याला लावला. मागचा पडदा चालू केला.

नव्या कॅमेऱ्याला चेहरा ओळखता येतो, हे तुम्हाला माहीत असेल. पडद्यावर माणसाचा चेहरा आला की त्याच्याभोवती बारीक चौकट उमटते. लग्नात फार कामाची गोष्ट. नवरीभोवती उमटते, करवलीभोवती उमटते, कधी भिंतीवरच्या फोटोतल्या आजोबांभोवतीही.

त्या संध्याकाळी ती चौकट समोरच्या अंधारात उमटली.

मी डोळे वर करून बघितलं. समोर काहीच नव्हतं. काळा कातळ, त्याखाली त्याहून काळा कोपरा. पुन्हा पडद्यावर बघितलं. चौकट होती. जरा हलली. थांबली. कॅमेरा तिच्यावर फोकस धरत होता, इमानानं, त्याला शिकवलं होतं तसं. माझं बोट बटणावर होतं, फोटो निघत गेले. मी काढले म्हणू, की निघाले म्हणू?

मग आवाज आला. तो कसा होता ते आजही नीट सांगता येत नाही. खाणीत आवाज फिरतो, समोरून निघतो आणि पाठीमागून येतो. शब्द नव्हते, किंवा असतील आणि माझ्यापर्यंत येताना त्यांचं नुसतं लांबलेलं 'आ' झालं असेल. मी, भाषणं करणारा मी, स्टँड काढला, दुमडलासुद्धा नाही, तसाच खांद्यावर टाकला आणि चालायला लागलो. पाठीमागून ते पुन्हा आलं. मी पळालो.

मामा म्हणाले, "एवढ्यात झालं व्हय?"

"उजेड गेला," मी म्हणालो.

इथपर्यंतच असतं तर मी तुम्हाला हे हसत सांगितलं असतं. घाबरला, पळाला, माणूसच तो. पण इथपर्यंत नाही ना.

मामांना घरी सोडलं, दुकानात आलो, फोटो संगणकावर घेतले. आधी जुन्याचे. तो कोपरा पूर्ण काळा. ओढून उजळ केला तर लाल-निळे दाणे आणि आडव्या रेघा, बाकी काही नाही. मग नव्याचे. दिसायला तेही काळेच. मी अंधार उजळायची पट्टी सरकवली. अंधार वर आला, म्हणजे अक्षरशः वर आला, विहिरीतून बादली यावी तसा. दाणे नाहीत, रेघा नाहीत. कातळाच्या भेगा दिसल्या. भेगेतून निघालेलं मूळ दिसलं. आणि पाण्याच्या जरा वर, हातभर कपारीवर, कौसाआत्या बसलेली दिसली.

सख्खी आत्या नव्हे. आमच्याच वस्तीतली, सुदामची आई. दोन शेळ्या राखायची. लहानपणी तिच्या दारातली बोरं मी चोरली होती.

पहिल्या फोटोत ती बसलेली, एक पाय वेडावाकडा. पुढच्यात भिंतीला धरून उठायला बघतेय. शेवटच्यात तिचा हात वर आहे, पंजा माझ्याकडं, तोंड उघडं. आणि ती थेट लेन्समध्ये बघतेय. माझ्या कॅमेऱ्याचा बारका लाल दिवा तिला दिसला असणार. वर कुणीतरी आहे, हे तिला कळलं होतं. म्हणजे ते कुणीतरी निघून गेलं, हेही तिला दिसलंच असणार.

मी खुर्चीत बसून होतो. तेवढ्यात फोन वाजला. मामा.

"मिलिंद, कौसाबाई घरी आली न्हाय रे. एक शेळी तेवढी आली, दुसरीचा पत्ता न्हाय. आपुन खाणीकडं व्हतो न्हवं? तुला कोण दिसलं का तिकडं?"

समोर पडद्यावर तिचा हात वर होता.

"नाही मामा," मी म्हणालो.

"बघ आठवून."

"कुणीच नव्हतं."

"मग तिकडं न्हाय ती. ओढ्याकडं जावा म्हनतो पोरांना."

बस्स, एवढंच बोलणं. का म्हणालो मी नाही? दिसली म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू काय केलंस? मला सांगावं लागलं असतं, की तिची हाक ऐकून मी भूत समजून पळालो. मी, मिलिंद, जयंतीचा वक्ता. तेवढं एक वाक्य मला जड झालं. मामांना उलटा फोन लावायला काय लागणार होतं? फोन हातातच होता. कितीतरी वेळ होता.

आणि मी काय केलं, माहीत आहे? दुकानाचं शटर ओढलं आणि शोधायला गेलो. ओढ्याकडं. सगळ्यांच्या पुढं, बॅटरी घेऊन. "आत्या, ओ आत्या" म्हणून मी एवढ्या मोठ्यानं ओरडत होतो, की सुदामनं माझा हात धरला आणि म्हणाला, "दादा, घसा बसंल तुमचा." खाण तिथून उलट्या दिशेला. एकदा मी त्या बाजूला तोंड करून उभा राहिलो. तिकडून काहीच ऐकू आलं नाही. मला बरं वाटलं. हेही सांगायलाच हवं, मला बरं वाटलं.

सकाळी ती पाण्यात सापडली. शेळीच्या मागं उतरताना पाय मुरगळला असणार, असं सगळे म्हणाले. ज्यांनी तिला वर काढलं, त्यांनी एक गोष्ट सांगितली. तिनं लुगड्याचा पदर फाडून त्या मुळाला बांधला होता. दुसरं टोक मनगटाला, मधे तुटलेलं. झोप लागली तर पडू नये म्हणून. म्हणजे ती बराच वेळ तग धरून होती. आम्ही ओढ्याकडं ओरडत होतो तेव्हाही, बहुतेक.

काही दिवसांनी मामा दुकानात आले. "त्या दिवशीचे फोटो दाव की." मी नव्या कॅमेऱ्याचा फोटो होता तसाच काळा ठेवला आणि जुन्याच्या शेजारी लावला. दोन काळे चौकोन. मामा चष्मा वर करून बघत राहिले. मग हसले, पोरासारखे.

"म्हणलं न्हवतं का तुला? काय फरक हाय सांग."

"काही नाही मामा."

बाजारात सगळ्यांना सांगत फिरले ते. मरेपर्यंत त्यांना वाटत होतं, त्यांचा कॅमेरा अजून तोडीस तोड आहे.

त्यानंतर सुदाम आला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आईचा मोठा फोटो हवा होता. घरात तिचा फोटोच नव्हता, आधार कार्डावरचा सोडून. तोच त्यानं आणला होता. मी तो मोठा केला. चेहरा पिठासारखा पसरला. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके.

"दादा, जरा नीट व्हत न्हाय का?" सुदाम म्हणाला. "आई अशी न्हवती दिसत."

"मूळ फोटोच तसा आहे," मी म्हणालो.

त्याच खोलीत, त्याच संगणकात, तिच्या चेहऱ्याची सुरकुती न् सुरकुती होती. कपाळावरचं गोंदण होतं. तिच्या मुलाकडं तो पिठाचा फोटो आहे, भिंतीवर, बुद्धाच्या प्रतिमेशेजारी. खरा चेहरा माझ्याकडं आहे. मी ती फाइल पुसली नाही. कुणाला दाखवलीही नाही. कधीतरी जुन्या कॅमेऱ्याचा फोटो उघडतो, तो दाण्यांचा, रेघांचा. आता त्यातही ती मला दिसते.

गेल्या महिन्यात सुदामच्या मुलीचं बारसं झालं. फोटोला मीच होतो. काम झाल्यावर त्यानं मला पुरुषांच्या पंगतीत बसवलं, मधोमध. पाहुण्यांना म्हणाला, "हे मिलिंददादा. आई गेली न्हवं, त्या राती तिला हुडकायला सगळ्यांच्या पुढं हेच व्हते. घसा बसला व्हता ह्यांचा, चार दिवस बोलता येत न्हवतं."

पाहुणे माझ्याकडं वळून बघायला लागले. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. सुदामची बायको वाढायला आली, म्हणाली, "भाऊजी, लाजू नका, घ्या."

मी ताट पुढं केलं, तिनं भात वाढला, आणि मी जेवलो.